.३०३ चं फोर-एंड बसत नाही, म्हणजे नेमकं कुठे अडतं?

आपला प्रश्न मला कळला तो असा. ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या शस्त्रदालनात इशापूरची एक ली-एनफिल्ड आहे: .३०३, नं. १ मार्क ३ स्टार. नळी कायमची बंद केलेली आहे आणि कागदपत्रं संस्थेकडे आहेत. फोर-एंड, म्हणजे नळीखालचं लांब लाकूड, मागच्या टोकाला चिरलं होतं. म्हणून जुन्या सामानातून मिळालेलं दुसरं फोर-एंड आपल्या सुताराने बसवायला घेतलं. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवतीची छोटी बुश, म्हणजे धातूची आखूड नळी, सापडली नाही, तेव्हा त्याने पितळी नळीचा तुकडा कापून तिथे घातला. आता नोजकॅप, म्हणजे लाकडाच्या पुढच्या टोकावरची धातूची टोपी, नळीच्या उजव्या अंगाला अडते, स्क्रू पूर्ण आवळूनही लाकूड हाताला हलतं, ट्रिगरचा दुसरा टप्पा नाहीसा होऊन एकच लांब खेच उरली आहे आणि बट, म्हणजे खांद्याकडचं लाकूड, कुरकुरतं. सुतार म्हणतो, नाकाकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, उजव्या भिंतीवर मिलिमीटरभर रंधा मारला की नोजकॅप चढेल. मारू द्यावा का, असं आपण विचारलं आहे.

नका मारू देऊ. उजव्या भिंतीचं लाकूड जास्त आहे म्हणून नोजकॅप अडते, असं मला वाटत नाही. अख्खं लाकूड तिरकं बसलं असणार आणि तो तिरकेपणा मागून, ट्रिगरच्या जवळून येत असणार. पुढे रंधा मारलात तर नोजकॅप आज चढेल. पण मागचं दुखणं दुरुस्त झालं की हीच नळी पुन्हा मधोमध येईल आणि उजवीकडे कायमची फट राहील. मारलेला रंधा परत घेता येत नाही.

आधी दोन गोष्टी कामाच्या. नळी बंद असली तरी रायफल हातात घेतल्यावर मॅगझिन काढा, बोल्ट काढा आणि चेंबरमध्ये टॉर्च मारून बघा. दर वेळी बघा. दुसरं, १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप, आहे. तेव्हा सुताराकडे लाकूड द्या, बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) आणि बोल्ट संस्थेच्या कुलपातच राहू द्या. जोडून बघायची वेळ येईल तेव्हा परवानाधारक कारागिराला संस्थेत बोलवा. रायफल बाहेर न्यायची असेल तर आधी परवाना शाखेत विचारा.

मी चौतीस वर्षं आर्मोररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करण्याचं, काम केलं, त्यातली पहिली बरीच वर्षं याच रायफलीवर गेली. या रायफलीचा मूळ मार्क ३ नमुना १९०७ साली मंजूर झाला आणि तिच्या बांधणीत एक खास गोष्ट आहे, ती समजली की अर्धं निदान तिथेच होतं. हिचं लाकूड एकसंध नाही. बट वेगळं, फोर-एंड वेगळं, आणि दोघांच्या मध्ये पोलादी सॉकेट. फोर-एंड पुढे नोजकॅपने, मध्ये पट्ट्यांनी आणि मागे ट्रिगर गार्डच्या स्क्रूने धरलेलं दिसतं. पण धक्का सोसतात त्या दोन छोट्या जागा बाहेरून दिसतच नाहीत. बॉडीच्या पोटाशी, सीअर (ट्रिगर ओढल्यावर चाप सोडणारा छोटा तुकडा) जिथे बसतो तिथे, दोन्ही अंगांना पोलादाचे दोन खांदे आहेत. फोर-एंडच्या आत त्यांच्या मागे लाकडाच्या दोन छोट्या भिंती आहेत, प्रत्येकी जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या. आम्ही त्यांना ड्रॉज म्हणायचो. खांदे त्या भिंतींना दोन्हीकडे सारखे टेकले तर लाकूड सरळ राहतं. एकच टेकला तर स्क्रू आवळताना लाकूड त्याच्याभोवती किंचित वळतं. फोर-एंड साधारण पाऊण मीटर लांब. मागे कागदाच्या जाडीएवढा फरक असला तरी नाकापर्यंत जाईतो तो डोळ्यांना दिसण्याएवढा होतो. आपल्या नोजकॅपचं कारण मला इथेच दिसतं.

हे ओळखायला महागडं काही लागत नाही. माझे उस्ताद देवघरातली समई वापरायचे. वातीवर तांब्याची वाटी पालथी धरायची, काजळी जमली की बोटाने खरवडून थेंबभर जवसाच्या तेलात कालवायची. आज बाजारात निळी पेस्ट मिळते, तीही चालते. पण काजळी अगदी पातळ लागते आणि लाकडावरून पुसली जाते, म्हणून मी अजून तीच वापरतो. दोन्ही पोलादी खांद्यांच्या मागच्या तोंडांना बोटाने अगदी पुसट लेप द्यायचा, इतका की खालचं पोलाद दिसत राहावं. मग फोर-एंड सरळ वर चढवायचं, पुढचा गार्ड स्क्रू हाताने लागेल तेवढाच लावायचा, नळीच्या तोंडावर रबरी हातोडीने मागच्या दिशेला दोन हलके ठोके, आणि परत सरळ खाली उतरवायचं. आता टॉर्च तिरका धरून आतल्या दोन भिंती बघा. एकीवर काळा ठसा आणि दुसरी कोरी असेल तर दुखणं सापडलं. ठसा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे फक्त वरच्या कडेला रेघेसारखा आहे, तरी तेच दुखणं. भिंतीच्या निम्म्याहून जास्त भागावर सारखा ठसा हवा, आणि दोन्हीकडे. आपल्या लाकडात डाव्या भिंतीवर ठसा दिसेल आणि उजवी कोरी निघेल, असा माझा अंदाज आहे. उलटं निघालं तरी उपाय तोच.

हे दुसरं फोर-एंड कधी वापरलेलं नसेल तर त्याच्या ड्रॉजवर जास्तीचं लाकूड मुद्दाम सोडलेलं असू शकतं. बदलीच्या फोर-एंडवर तसं सोडलेलं मी पाहिलं आहे. ते आर्मोररने त्या-त्या बॉडीवर हाताने बसवायचं असतं. या रायफलीचं लाकूड डब्यातून काढून बसत नाही, ते बसवावं लागतं. तेव्हा आपल्या सुताराचा हात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्याला ही जागा कोणी दाखवली नव्हती, एवढंच.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतकं सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर एका रायफलीचे नेम डावीकडे जाऊ लागले. मी नळीच्या वाटेत कागदाची पट्टी सरकवली, जिथे अडली तिथे खरवडलं. पुन्हा अडली, पुन्हा खरवडलं. तीन दिवसांत नळीची वाट दोन्हीकडून मोकळी झाली आणि नेम आणखी भरकटले. उस्तादांनी ते लाकूड उलटं करून ड्रॉजवर नख फिरवलं. एका भिंतीवर लाकूड दबून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, दुसरीवर रंध्याच्या मूळ खुणा जशाच्या तशा होत्या. एका बाजूने कधी भार घेतलाच नव्हता. अक्रोडाचं ते चांगलं फोर-एंड माझ्या हातून वाया गेलं. तेव्हापासून पुढचं काहीही अडलं तरी मी आधी मागे बघतो.

आता बुशबद्दल. आपल्या दोन तक्रारी, हलणारं लाकूड आणि हरवलेला टप्पा, त्या पितळी तुकड्यातून येत असाव्यात. पुढचा गार्ड स्क्रू खालून ट्रिगर गार्डमधून, मग लाकडातून वर बॉडीत जातो. लाकडातल्या भोकात धातूची बुश असते. स्क्रू आवळला की लाकूड अगदी किंचित दबतं, मग बुश पोलादाला भिडते आणि त्यापुढे स्क्रू जात नाही. म्हणून बुशची लांबी लाकडाच्या तिथल्या जाडीपेक्षा केसभर कमी हवी. आपला तुकडा जाडीपेक्षा लांब कापला गेला असेल, तर स्क्रू फक्त पितळ आवळतो आहे आणि लाकूड मध्ये मोकळं लोंबतं आहे. तपासणी सोपी आहे. बुश काढून ठेवा, स्क्रू हळूच लावा. लाकूड हलायचं थांबलं तर बुशच लांब आहे. एवढं बघून स्क्रू लगेच सोडवा. बुशशिवाय जोरात आवळू नका, लाकूड चेपतं.

ट्रिगरही याच धाग्याला बांधलेला आहे. नं. १ रायफलीत ट्रिगर बॉडीला टांगलेला नसतो, तो गार्डमध्ये पिनेवर बसतो. सीअर मात्र बॉडीत. म्हणजे ट्रिगर आणि सीअर यांच्यातलं अंतर लाकूड आणि बुश ठरवतात. ट्रिगरच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. पहिला सीअरला टेकतो तेव्हा हलकी लांब खेच मिळते, दुसरा टेकतो तेव्हा बोटाला ठेप लागते, आणि मग सुटतो. गार्ड पुढून खाली राहिला तर ट्रिगरही खाली राहतो आणि दुसरा उंचवटा टेकायच्या आतच सीअर सुटून जातो. ठेप हरवली ती अशी. उलट, गार्ड फार वर गेला तर पहिला टप्पाच खाल्ला जातो. चालू रायफलीत ती अवस्था फार घातक, कारण सीअर आधीच अर्धा ओढलेला राहतो. म्हणूनच पुढे नं. ४ रायफलीच्या शेवटच्या नमुन्यांत ट्रिगर गार्डवरून उचलून थेट बॉडीला टांगला. लाकूड ओल्या-कोरड्या हवेत फुगतं-आकसतं, आणि तेवढ्याने ट्रिगर बदलतो, हे सैन्याला पुरतं कळलं होतं.

ग्वाल्हेरात हे जास्तच जाणवतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, लूने दारं-खिडक्या वाळून फटी पडतात, आणि ऑगस्टमध्ये त्याच खिडक्या फुगून लागत नाहीत. फोर-एंडचं लाकूडही त्याच हवेत असतं. रेषांच्या आडव्या अंगाने अक्रोड हवेनुसार शेकडा एक-दीड इतकं सहज बदलतं, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे पंचवीस मिलिमीटर जाडीत तीन-चार दशांश मिलिमीटर. बुश लांब ठरायला तेवढं पुरे आहे. म्हणून मेमध्ये सैल झालेला स्क्रू बघून लगेच कानस उचलू नये. ऑगस्ट बघावा, मग ठरवावं. आणि कुणीही ट्रिगरच्या त्या दोन उंचवट्यांना दगड लावायचं म्हटलं तर हात धरा. तिथे दोष नसतो. तिथलं पोलाद घासलं की पुढे लाकूड कितीही नीट बसवलं तरी टप्पे परत येत नाहीत.

आता चीर. आपण लिहिलं आहे की जुन्या फोर-एंडला मागच्या टोकापासून मधोमध, दोन बोटं लांब भेग आहे. अशी भेग दोन प्रकारे पडते आणि दोन्ही ओळखता येतात. नं. १ मध्ये बटाचा लांब बोल्ट सॉकेटमधून पुढे येतो. त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोर-एंडच्या मागच्या टोकात बसवलेल्या छोट्या पट्टीच्या खाचेत अडकतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. फोर-एंड जागेवर असताना कुणी बटाचा बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक पाचरीसारखं फिरतं आणि लाकूड आतून फाडतं. ही रायफल उघडताना होणारी सगळ्यात जास्त नासाडी हीच. खाचेभोवतीचं लाकूड गोल कुरतडल्यासारखं असेल, पट्टीचे कोपरे वाकले असतील, तर कारण हे. दुसरा प्रकार ड्रॉज झिजण्याचा. मग प्रत्येक गोळीला लाकूड पुढे-मागे खेळतं आणि मागचं टोक सॉकेटवर आपटत राहतं. तशा वेळी मागचं तोंड चेपून चकचकीत झालेलं दिसतं. नीट बसलेल्या फोर-एंडच्या मागच्या तोंडात आणि सॉकेटमध्ये पत्रिकेचा जाड कागद सरकेल एवढी फट राहते, ती बुजवायची नसते. आपल्या सुताराने आधी बट काढलं की आधी फोर-एंड, ते त्याला शांतपणे विचारा. रागावू नका, नाहीतर खरं कळणार नाही.

उघडायचा क्रम असा. बोल्ट आणि मॅगझिन, मग नोजकॅपचे दोन स्क्रू. नोजकॅप काढताना आतली छोटी खुंटी आणि स्प्रिंग उडून जाते, खाली पांढरं फडकं अंथरा. मग मधली पट्टी, वरचे हँडगार्ड (नळीवरचं लाकूड), मागच्या साइटचे दोन्ही कान. नळीच्या मध्यावर लाकडाच्या आत आणखी एक पट्टी असते. तिचा स्क्रू खालून येतो आणि त्यालाही स्प्रिंग असते. हा स्क्रू विसरून लाकूड ओढलं तर तिथे ढलपी निघते. मग गार्ड, आणि मगच फोर-एंड. ते सरळ खाली उतरवा, दोन्ही टोकांकडून थोडं थोडं. नाकाला धरून खाली ओढलंत तर सगळा जोर मागच्या त्या नखाएवढ्या भिंतींवर येतो. फोर-एंड बाजूला ठेवल्यावरच बटाला हात लावा.

बटाचं कुरकुरणं त्या मानाने साधं आहे. बट आकसलं की सॉकेटमध्ये सैल होतं. बोल्ट थोडा आवळून बघा, पण बटप्लेटचं छोटं दार उघडून आधी आत वाकून पाहा. बोल्टच्या डोक्यावर कातड्याची गुंडी ठोकलेली असते. ती न काढता लांब स्क्रू ड्रायव्हर घुसवला तर पातं कातड्यात रुतून बाजूला सरकतं आणि बट आतून फुटतं. चौकोनी टोक नीट खाचेच्या दिशेला येईल अशाच बेताने बोल्ट आवळायचा. तरी हललं तर सॉकेटमधल्या भागावर अक्रोडाचा पातळ पदर चिकटवा आणि काजळी लावून बसवा. कागद, सुतळी, रेक्झिन कोंबू नका. ओल धरतात आणि सॉकेट आतून गंजतं.

आता माझं मत, ते आपल्याला बहुतेक आवडणार नाही. हे दुसरं फोर-एंड बाजूला ठेवा आणि जुनंच दुरुस्त करा. जुन्या फोर-एंडच्या नाकाशी, नोजकॅप झाकते त्या जागेच्या खालच्या अंगाला, आकडा ठोकलेला दिसतो का बघा. तो बॉडीवरच्या आकड्याशी जुळला तर ते लाकूड याच रायफलीवर कुणा आर्मोररने हाताने बसवलेलं आहे. सॉकेटच्या उजव्या अंगाला साल आणि कारखान्याचा शिक्का असतो, तोही वाचून नोंदवहीत लिहा. इशापूरला रायफली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बनत आहेत. संस्थेच्या मुलांना दाखवायची आहे ती हीच गोष्ट, एका रायफलीचं एकाच आकड्याचं लाकूड आणि पोलाद. त्या जुन्या फोर-एंडचं गार्ड स्क्रूचं भोक टॉर्चने बघा. हरवलेली बुश बहुतेक त्यातच चिकटून बसली असेल. वर्षानुवर्षांच्या तेलाने ती लाकडाच्या रंगाची होते, म्हणून नजरेतून सुटते.

दुरुस्ती अशी करा. भेग आधी स्वच्छ करा. लाकडात जुनं तेल मुरलेलं असतं, ते न काढता गोंद धरत नाही. कापसाने अ‍ॅसिटोन फिरवून दोन-तीनदा पुसा, खिडकी उघडी ठेवून. दोन भागांचा इपॉक्सी भेगेत मुरवा, हलकेच आवळून चोवीस तास ठेवा. मग भेगेला आडवी लाकडाची बारीक खुंटी घाला. ड्रॉज दबलेले असतील तर तेवढीच जागा पटाशीने चौकोनी कापून काढा आणि जुन्या तुटक्या बटाच्या अक्रोडाचा तुकडा बसवा. तुकड्याच्या रेषा फोर-एंडच्या रेषांच्या दिशेनेच हव्यात, म्हणजे धक्का रेषांच्या टोकावर येईल. रेषा आडव्या ठेवल्यात तर महिन्याभरात परत दबेल. टोकाच्या लाकडावर गोंद कमी धरतो, म्हणून तुकडा नुसता चौकोनी न ठेवता खालून एक पाय असलेला, काटकोनी कापा. पायाच्या बाजूला गोंदाला धरायला जागा मिळते. तुकडा मुद्दाम किंचित जाड ठेवा आणि पुढे सगळं काम काजळीचं: लेप, चढवणं, ठोके, उतरवणं, काळं दिसेल तिथे पटाशीने धुळीएवढं खरवडणं. मला एका जोडीला तीस-चाळीस वेळा चढवावं लागायचं. दोन दिवस मोडतात, मोडू द्या.

ड्रॉज सारखे टेकले की नाकाकडे बघा. नळी मधोमध आलेली दिसेल. नोजकॅप हाताने चढली पाहिजे, हातोडी लागता कामा नये. तेव्हाही कुठे अडलीच तर तिथे, आणि फक्त तिथे, कागद लावून खरवडायला माझी हरकत नाही. नळीचं टोक अंगठ्याने खाली दाबून सोडलं की ते परत वर यायला हवं, ती खुंटी-स्प्रिंग जागेवर असल्याची खूण.

लाकूड घासू नका. पॉलिश पेपर फिरला की ठोकलेले शिक्के जातात, आणि पट्ट्यांखालची जाडी कमी होऊन पट्ट्या सैल पडतात. जुनी मळी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग कच्चं जवसाचं तेल तळहाताने चोळा. पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा. वॉर्निश नको. तेलाचं फडकं घडी करून कोपऱ्यात ठेवू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि घडीतलं फडकं आपोआप पेटू शकतं.

काजळीचा पहिला ठसा मिळाला की दोन्ही ड्रॉजचे फोटो उजेड तिरका धरून काढा आणि मला पाठवा. जुन्या फोर-एंडच्या मागच्या तोंडाचाही एक पाठवा. ती भेग बटाच्या बोल्टने पाडली की आपटून पडली ते बघून तुकडा किती खोल घालायचा ते सांगतो.